थकवा जात नाही तेव्हा: मुंबईत तपासणी कोठून सुरू करावी

हा लेख अशा वाचकांसाठी आहे, ज्यांना काही आठवड्यांपासून सतत थकल्यासारखे वाटते आहे, पुरेशी झोप होऊनही सकाळी अंग उचलत नाही आणि आता डॉक्टरांना दाखवावे असे मनाशी ठरले आहे, परंतु कोणाकडे जावे, सोबत काय न्यावे आणि कोणत्या तपासण्यांवर पैसे खर्च करावेत हे उमगत नाही. मी डॉक्टर नाही. आमच्या घरात आधी आईला आणि नंतर मला असाच दीर्घकाळ थकवा आला. दोघींची तक्रार जवळजवळ एकाच शब्दांत सांगता आली असती, पण आईला थायरॉइडचा विकार निघाला आणि मला गर्भाशयातील गाठींमुळे पाळीत होणाऱ्या रक्तस्रावातून रक्तक्षय झालेला होता. या काळात डॉक्टरांकडून जे समजून घेता आले, ते इतरांना उपयोगी पडावे म्हणून येथे क्रमाने मांडत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावी. थकवा हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. त्यामुळे ‘अशक्तपणावर काहीतरी द्या’ असे औषधाच्या दुकानात सांगून आणलेल्या टॉनिकने मूळ प्रश्न सुटत नाही. रक्त तपासून लोह किंवा बी १२ कमी असल्याचे कळले, तरी ते कशामुळे कमी झाले हे शोधणे बाकीच असते. निदानाची वाट बहुतेक वेळा याच ठिकाणी अर्धवट सुटते.

१. आधी धोक्याच्या खुणा पाहा

पुढील गोष्टींपैकी एक जरी असेल, तरी बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेची वाट पाहू नये. थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

- छातीत दाब किंवा जडपणा, सोबत घाम, मळमळ, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ.
- बसल्या जागी धाप लागणे किंवा भोवळ येऊन शुद्ध हरपणे.
- चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे.
- रक्ताची उलटी, किंवा डांबरासारखी काळी व चिकट शौच.
- तापासोबत गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा लघवी फारच कमी होणे.
- जीव द्यावा असे विचार येणे.

यातील पहिल्या खुणेबाबत आणखी सांगणे आवश्यक आहे. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात हृदयविकार छातीत दुखल्याशिवायही येऊ शकतो. अचानक आलेला विलक्षण थकवा, धाप किंवा पोटाच्या वरच्या भागातील अस्वस्थता एवढेच त्याचे रूप असू शकते. ‘गॅस झाला असेल’ असे म्हणून घरी सोडा पीत बसण्यापेक्षा ईसीजी काढून घेणे केव्हाही शहाणपणाचे. पक्षाघाताच्या बाबतीतही वेळ फार मोलाचा असतो, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला होता, ती वेळ घरातील कोणीतरी नीट लक्षात ठेवावी.

२. ‘थकवा’ म्हणजे नेमके काय होते, ते लिहून काढा

सरकारी बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना एका रुग्णासाठी मिळणारा वेळ थोडा असतो. ‘खूप थकायला होते’ या वाक्यातून त्यांना फारसे काही हाती लागत नाही. ‘महिन्याभरापूर्वी दादर स्थानकाचा पूल एका दमात चढत होते, आता मध्ये थांबून श्वास घ्यावा लागतो’ या वाक्यातून बरेच लागते. त्यामुळे आधीचा आठवडाभर एका वहीत रोज चार ओळी लिहाव्यात.

धाप लागते, झोप येते, स्नायूंत जोर राहत नाही आणि काही करावेसेच वाटत नाही, या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि आपण चारही तक्रारींना थकवाच म्हणतो. चढताना लागणारी धाप रक्तक्षय, हृदय किंवा फुप्फुसांकडे बोट दाखवते. दिवसा पेंगुळणे झोपेच्या विकाराकडे किंवा एखाद्या औषधाकडे. जिन्यावर पाय उचलताना, मांडी घालून बसल्यावर उठताना किंवा हात वर करून केस विंचरताना जोर न राहणे हे स्नायूंच्या किंवा मज्जातंतूंच्या तक्रारीत दिसते. कशातच मन न लागणे नैराश्यातही असते. यातील आपली तक्रार कोणती, हे ठरवता आले तर पुढचे बरेच काम हलके होते.

याशिवाय वजन (गेल्या काही महिन्यांत किती उतरले किंवा वाढले), संध्याकाळचा ताप थर्मामीटरने मोजून, भूक, तहान, रात्री लघवीला उठण्याची गरज, शौचाचा रंग आणि स्त्रियांनी पाळीचा तपशील टिपावा. पाळीबद्दल बोलताना अनेकींना संकोच वाटतो आणि ‘नेहमीसारखीच येते’ असे सांगून विषय संपवला जातो. दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, सात दिवसांहून अधिक रक्तस्राव होणे किंवा मोठ्या गुठळ्या पडणे हे वर्षानुवर्षे चालत आले असले तरी सामान्य नव्हे, आणि ते डॉक्टरांना स्वतःहून सांगावे लागते.

३. पहिला डॉक्टर कोणता

थकव्यासाठी सुरुवातीलाच हृदयरोगतज्ज्ञ, हार्मोनतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ गाठण्याची घाई करू नये. प्रत्येक जण आपल्या अवयवापुरते पाहतो आणि ‘आमच्याकडचे सर्व ठीक आहे’ असे सांगून पुढे पाठवतो. पहिली भेट फॅमिली डॉक्टरांची किंवा एमडी मेडिसिन झालेल्या फिजिशियनची असावी.

खासगी खर्च परवडत नसेल तर मुंबईत महापालिकेची साखळी उपलब्ध आहे. घराजवळचा पालिका दवाखाना किंवा २०२२ पासून सुरू झालेले ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ हे पहिले ठिकाण. तेथे साधी तपासणी, औषधे आणि नेहमीच्या रक्तचाचण्या होतात, आणि गरज भासल्यास पुढे पाठवणारी चिठ्ठी मिळते. त्यानंतर उपनगरांतील पालिका रुग्णालये, उदाहरणार्थ घाटकोपरचे राजावाडी किंवा वांद्र्याचे भाभा. आणि त्यापुढे परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर, जुहूचे कूपर ही मोठी रुग्णालये. भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय राज्य शासनाचे आहे.

मोठ्या रुग्णालयात नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो युनिटच्या, म्हणजे एका विभागातील डॉक्टरांच्या वेगवेगळ्या गटांच्या, वारांमुळे. पहिल्या दिवशी केसपेपर काढल्यावर ज्या युनिटच्या डॉक्टरांनी तपासले, त्याच युनिटच्या ओपीडीच्या वारी पुन्हा जायचे असते. दुसऱ्या वारी गेल्यास वेगळे डॉक्टर भेटतात आणि सगळी हकिगत पहिल्यापासून सांगावी लागते. त्यामुळे केसपेपरवरील युनिट आणि वार घरी परतण्यापूर्वीच नीट वाचून घ्यावा. नोंदणीची खिडकी सकाळीच गाठावी, कारण रक्त देण्याची वेळ आणि डॉक्टरांची वेळ दोन्ही दुपारच्या आत आटोपतात.

४. सोबत काय न्यावे

- ओळखपत्र (आधार कार्ड असल्यास उत्तम) आणि जुने केसपेपर.
- मागील रक्ताचे, सोनोग्राफीचे व एक्स-रेचे रिपोर्ट, तारखेनुसार लावलेले. जुना हिमोग्लोबिनचा आकडा आजच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो.
- चालू असलेली सर्व औषधे पाकिटांसह. आयुर्वेदिक चूर्ण, जिममध्ये मिळालेली पावडर, केसांसाठीच्या गोळ्या आणि अधूनमधून घेतलेली वेदनाशामके यांचाही यात समावेश करावा.
- दुसऱ्या पायरीत लिहिलेली वही आणि घरातील आजारांची माहिती: मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग, थॅलेसेमिया.

औषधांची पिशवी नेण्याचा आग्रह विनाकारण नाही. रक्तदाबासाठीच्या मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉलसारख्या गोळ्यांनी थकवा येऊ शकतो. सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्यांनी दिवसभर गुंगी राहते. मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असेल किंवा आम्लपित्तासाठी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी रोजची झाली असेल, तर बी १२ कमी होऊ शकते. गुडघेदुखीसाठी वारंवार घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांमुळे जठरातून नकळत रक्त झिरपत राहू शकते. मात्र यातील कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. विशेषतः रक्तदाबाची आणि हृदयाची तर अजिबात नाही.

५. पहिल्या फेरीच्या तपासण्या

बहुतेक फिजिशियन सुरुवातीला सीबीसी (हिमोग्लोबिन व रक्तपेशींची मोजणी), उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइडची चाचणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी), यकृताच्या चाचण्या, ईएसआर (शरीरातील दाह सुचवणारी चाचणी) आणि लघवीची तपासणी लिहून देतात. त्यातून दिशा मिळाली की फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी १२, छातीचा एक्स-रे, ईसीजी किंवा सोनोग्राफी यांचा क्रम लागतो.

येथे मोठा सापळा आहे तो ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या सवलतीच्या पॅकेजचा. चाचण्यांची सामान्य मर्यादा बहुधा अशी ठरवलेली असते की निरोगी माणसांपैकी सुमारे ९५ टक्के लोक तिच्या आत बसावेत. म्हणजे पूर्ण निरोगी व्यक्तीच्याही वीस चाचण्या केल्या, तर एखादा आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची बरीच शक्यता असते. साठ-सत्तर चाचण्यांच्या रिपोर्टात असे तीन-चार ठळक आकडे आले की माणूस घाबरतो आणि नको त्या दिशेने धावतो. प्रश्न ठरवून चाचणी करावी. चाचणीतून प्रश्न शोधू नये.

६. रिपोर्टमधून कोणती कारणे पुढे येऊ शकतात

*रक्तक्षय.* हिमोग्लोबिन प्रौढ पुरुषात १३, गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ आणि गरोदर स्त्रीत साधारणपणे ११ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असल्यास रक्तक्षय मानतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये तो आढळला. इतका सर्वत्र असल्यामुळेच त्याच्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही, आणि मला ही गोष्ट अतिशय खेदाची वाटते.

सीबीसीत हिमोग्लोबिनच्या खाली एमसीव्ही हा आकडा असतो. तो तांबड्या पेशीचा आकार सांगतो. तो ८० पेक्षा कमी असल्यास बहुधा लोहाची कमतरता असते, १०० पेक्षा जास्त असल्यास बी १२ किंवा फोलेटची कमतरता, यकृताचा विकार अथवा मद्यपान यांचा विचार होतो. पण शरीरातील लोहाचा साठा पुरेसा असूनही एमसीव्ही बराच कमी असेल, तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा सौम्य प्रकार, असू शकतो. हा जनुकीय गुण सिंधी, कच्छी, लोहाणा, पंजाबी अशा समाजांत अधिक आढळतो, तरी कोणातही असू शकतो. अशा व्यक्तीला लोहाच्या गोळ्या देत राहून उपयोग होत नाही. पती-पत्नी दोघांतही तो असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर हा त्याचा गंभीर प्रकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नापूर्वी किंवा मूल होऊ देण्यापूर्वी एचपीएलसी ही रक्तचाचणी करून घ्यावी.

लोह कमी आहे हे निश्चित झाल्यावर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: ‘रक्त जाते कोठून?’ पाळी येणाऱ्या स्त्रीत पाळी हे प्रमुख कारण असते. पुरुषांत आणि पाळी बंद झालेल्या स्त्रियांत मात्र ‘खाणे कमी पडले असेल’ या उत्तरावर कधीही समाधान मानू नये. त्यांच्यात जठरातील व्रण, मूळव्याध, पोटातील जंत आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांपैकी काहीही असू शकते. गरजेनुसार एंडोस्कोपी व कोलोनोस्कोपी (दुर्बिणीतून जठराची व मोठ्या आतड्याची तपासणी) करावी लागते. मूळव्याध आहे म्हणून रक्त जाते, असे वर्षभर गृहीत धरलेल्या माणसाची आतडी तपासून पाहिलेली असतातच असे नाही.

*थायरॉइड.* इतरांना पंखा हवा असताना थंडी वाजणे, वजन वाढणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणे, आवाज जड होणे ही थायरॉइडचे काम मंदावल्याची लक्षणे आहेत. आईच्या बाबतीत हे सर्व वयाच्या खात्यावर जमा होत होते. टीएसएच किंचित वाढलेला असल्यास डॉक्टर बहुधा काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करवतात आणि मगच गोळीचा निर्णय घेतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर ते आधी सांगावे, कारण त्यांमुळे या चाचणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

*मधुमेह.* एचबीए१सी ६.५ टक्के किंवा उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि त्याहून अधिक असल्यास मधुमेहाचे निदान होते; ठळक लक्षणे नसतील तर चाचणी पुन्हा करून खात्री करतात. लोहाची कमतरता असल्यास एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो, म्हणून रक्तक्षय असलेल्यांनी केवळ या एका आकड्यावर विसंबू नये.

*क्षयरोग.* मुंबईत राहणाऱ्या कोणीही हे कारण मनातून काढून टाकू नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री घाम, उतरणारे वजन ही त्याची ओळखीची लक्षणे होत. परंतु क्षयरोग मानेतील गाठींत, मणक्यात, आतड्यांत किंवा गर्भाशयातही होतो आणि तेव्हा खोकला असतोच असे नाही. येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे: खोकल्यासाठी लिव्होफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक दुकानातून आणून घेऊ नये. त्याने क्षयाचे जंतू तात्पुरते दबतात, काही दिवस बरे वाटते, आणि निदान लांबते; शिवाय जंतू त्या औषधाला दाद न देणारे बनण्याचा धोका असतो. थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी आणि संपूर्ण उपचार शासकीय यंत्रणेत मोफत आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असताना पोषणासाठी दरमहा १००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात दिले जातात. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा निःशुल्क क्रमांक आहे.

*पावसाळ्यातील ताप.* जून ते ऑक्टोबरच्या काळात थकव्यासोबत ताप असेल, तर या लेखातील सावकाश क्रम लागू नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा आजार) तपासणी करावी. डेंग्यूच्या विषाणूचा अंश शोधणारी एनएस१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी ठरते, त्यानंतर आयजीएम ही प्रतिपिंडांची चाचणी पाहतात. निदान होईपर्यंत तापासाठी केवळ पॅरासिटामॉल घ्यावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूत ताप उतरताना धोका संपत नाही. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त अशा खुणा बहुधा त्याच सुमारास दिसतात. हिंदमाता, मिलन सबवे अशा ठिकाणी साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल, तर ७२ तासांच्या आत पालिका दवाखान्यात जाऊन लेप्टो प्रतिबंधक औषधाबद्दल विचारावे. हे आजार बरे झाल्यावरही काही आठवडे थकवा राहू शकतो. तो हळूहळू कमी होत जायला हवा.

७. सर्व रिपोर्ट सामान्य आले तर

‘काही नाही, मनाचे खेळ आहेत’ हा त्याचा अर्थ नव्हे. पहिल्या फेरीच्या रक्तचाचण्यांत न दिसणारी कारणेही असतात. शेवटच्या लोकलने घरी येऊन पहाटे पुन्हा डबा भरायला उठणाऱ्या माणसाची झोपच पाच तासांची असते, आणि त्यावर कोणतीही गोळी नाही. पण सात-आठ तास झोपूनही दिवसा डुलक्या येत असतील, घोरण्यात मध्येच श्वास अडखळतो असे घरच्यांनी पाहिले असेल आणि रक्तदाब वाढलेला असेल, तर झोपेतील श्वासरोधाची तपासणी करावी लागते. घोरण्याची माहिती शेजारी झोपणाऱ्याकडूनच मिळत असल्याने त्या व्यक्तीला डॉक्टरांकडे सोबत न्यावे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, आवडत्या गोष्टींत रस न राहणे, झोप व भूक बिघडणे हे नैराश्य असू शकते, आणि तोही इतर आजारांसारखाच उपचार करून बरा होणारा आजार आहे. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतूनही. मोठ्या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि तेथे जाण्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

८. औषध सुरू झाल्यावर

लोहाची गोळी चहा-कॉफीसोबत किंवा त्यानंतर लगेच घेऊ नये, कारण मग लोह नीट शोषले जात नाही. तासभराचे तरी अंतर असावे. कॅल्शियमची आणि आम्लपित्ताची गोळीही वेगळ्या वेळी घ्यावी. लिंबू किंवा आवळा सोबत असल्यास फायदा होतो. या गोळ्यांनी शौचाचा रंग काळपट होतो, त्याला घाबरू नये. डांबरासारखी चिकट, उग्र वासाची शौच मात्र वेगळी आणि ती तातडीची बाब आहे. पोट बिघडले म्हणून गोळी सोडून देण्याऐवजी डॉक्टरांना सांगावे. एक दिवसाआड घेण्याचा पर्याय ते देऊ शकतात. हिमोग्लोबिन सामान्य झाल्यावरही शरीरातील साठा भरून येण्यासाठी गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवतात.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास काही खाऊ नये. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहतात. त्याआधी केलेल्या चाचणीवरून मात्रेचा नीट अंदाज येत नाही.

पुढची रक्तचाचणी कधी करायची आणि कोणता आकडा किती वाढायला हवा, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्यावे. महिनाभर गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन जवळजवळ जागेवरच असेल, तर गोळ्या बदलून मागण्याआधी रक्त अजून कोठून जात आहे का, लोह शोषले जात नाही का, की निदानच वेगळे आहे, हे तपासून घेण्याची विनंती करावी.